कुलूप, किल्ली आणि बिल्ला



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी संतकाव्य, बखरवाङ्मय, फार तर पंडितकवींचा एखादा विषय घ्यावा असा संकेत आहे. आज मी तो मोडतो आहे. इमारतीच्या विद्युत्-कुलपासाठी धातूची टिकाऊ किल्ली कशी निवडावी, हा माझा विषय. तो कळवला तेव्हा कार्यवाहांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. परंतु ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या मेजावर शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा कायम असे आणि ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली ते विद्यार्थ्यांच्या हाती निःशंक देत, हे येथील जुन्या मंडळींना आठवत असेल. त्यांना हा विषय परका वाटला नसता, असा मला भरवसा आहे.

निमित्त घरगुती आहे. वडोदऱ्यात मी ज्या इमारतीत राहतो तिच्या प्रवेशद्वारास काही वर्षांपूर्वी विजेचे कुलूप बसले. खिशातील प्लास्टिकची चकती दाराजवळच्या पेटीसमोर धरली की दार उघडते. दीड-दोन वर्षांत या चकत्या कडीच्या भोकापाशी तुटू लागल्या. कोणी त्या दोऱ्याने बांधल्या, कोणी चिकटपट्टीने गुंडाळल्या. तेव्हा यापुढे धातूच्या घ्याव्यात असे सभेत ठरले आणि निवड करण्यासाठी तिघांची समिती नेमली. माझ्याकडे वेळ आहे, या एकमेव पात्रतेवर मी तिच्यात आलो. नमुने पाहताना लक्षात आले की आम्ही तिघेही नकळत ते तळहातावर तोलून पाहत होतो; जड ते मजबूत, मजबूत ते सुरक्षित असा आमचा हिशेब होता. हा हिशेब आला कोठून आणि आज तो कितपत खरा आहे, हे शोधू गेलो आणि व्याख्यानाचा विषय हाती लागला.

आरंभ शब्दांपासून करतो. तेवढा माझा हक्क मानावा. दार बंद करण्याच्या साधनांची आपली नावे पाहिली तर महाराष्ट्राचा निम्मा इतिहास त्यांत सापडतो. दारामागे आडवा घालायच्या दांड्यास आपण आगळ म्हणतो. ती संस्कृत अर्गला. किल्ली ही कील या शब्दाच्या कुळातली. कील म्हणजे खुंटी, मेख. कन्नडात किल्लीला कीली म्हणतात, हे आमच्या बेळगावच्या स्नेह्यांना सांगायला नको. सप्तशतीच्या पाठाआधी कवच, अर्गला आणि कीलक ही तीन स्तोत्रे म्हणण्याची प्रथा आहे. अंगरक्षणाचे चिलखत, दाराचा अडसर आणि त्याची खुंटी असा जणू सगळा बंदोबस्तच तेथे नांदतो. कुलूप मात्र आपले नव्हे. अरबीतील कुफ्ल फारसीच्या वाटेने दख्खनमध्ये आला आणि मराठी जिभेवर त्यातील अक्षरांची अदलाबदल होऊन कुलूप झाला. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा सयाजीशासनशब्दकल्पतरू आमच्या याच नगरीत सिद्ध करवला. तरी लोकांचे कुलूप कुलूपच राहिले. आणि चावी तर गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलेली, पोर्तुगिजांची शावे. गुजरातीने तीही घेतली आणि आपली जुनी कूंचीही ठेवली. कूंची म्हणजे संस्कृत कुंचिका. वाकणे या अर्थाच्या धातूपासून झालेली. दाराच्या भोकातून आत घालून अडसर सरकवण्याची किल्ली पूर्वी वाकडी असे, ती गोष्ट या शब्दाने धरून ठेवली आहे.

जाता जाता एक सांगून ठेवतो. किल्ला आणि किल्ली यांचा कानाला वाटतो तसा संबंध नाही. किल्ला अरबीतून आला, किल्ली खुंटीतून. व्यवहारात मात्र दोहोंचा संबंध घट्ट होता. सभासदाने आपल्या बखरीत, म्हणजे १६९७ मध्ये, शिवकालीन गडांची जी व्यवस्था सांगितली आहे तीत एका गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी आहेत, जेणेकरून गड एकाच्या मुठीत जाऊ नये. दरवाज्यांच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात. हवालदार या शब्दाचा अर्थच ज्याच्या हवाली काही केले आहे तो. गडाचा दरवाजा ठरल्या वेळी लागे आणि मग तो माणूस पाहून उघडत नसे. हिरकणीची कथा ही दंतकथाच आहे, पण ती रुजली ती या कठोर नियमाच्या भूमीत. दूध घालायला आलेली बाळंतीण आत अडकते, तिचे तान्हे मूल खाली आहे हे दरवाजाला ठाऊक नसते. जुन्या कुलपाचा स्वभाव हाच आहे. ते किल्ली ओळखते, माणूस ओळखत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

आता धातूकडे वळू. पहिली कुलपे लाकडी होती. प्राचीन मिसर देशाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुलपात अडसराच्या भोकांत वरून लाकडी खुंट्या पडत. दात असलेली लांब किल्ली आत घालून त्या उचलल्या की अडसर मोकळा होई. रोमनांनी हे सारे धातूत आणले आणि किल्ली इतकी लहान केली की ती अंगठीसारखी बोटात घालता येई. पुढे १८६० च्या दशकात अमेरिकेतील लायनस येल याने खुंट्यांचे तेच तत्त्व चिमुकल्या पितळी नळकांड्यात बसवले. आपल्या घराच्या दाराला आज जे कुलूप आहे ते बहुधा याच वंशातले. अर्देशर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईच्या लालबागेत कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून विश्वासाच्या कुलपासाठी आपल्याला विलायतेकडे पाहण्याची गरज उरली नाही.

या दीर्घ काळात एक गोष्ट कायम होती. किल्लीचे रहस्य तिच्या धातूच्या आकारात होते. कोठे खाच, कोठे दात, किती खोल, यातच तिचे सारे ज्ञान. धातू झिजला की रहस्य झिजले, वाकला की ते नष्ट झाले. म्हणून जड आणि कणखर किल्ली ही खरोखरच अधिक चांगली किल्ली होती. आमच्या तळहाताला जी सवय होती ती अडाणी नव्हती. हजारो वर्षांच्या अनुभवाने ती लागलेली होती.

ती सवय मोडणारा शोध दारापाशी लागलाच नाही. १८३१ मध्ये मायकेल फॅरडे याने दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले तर वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, स्पर्शाची गरज नाही. याचा एक विलक्षण उपयोग मॉस्कोत झाला. ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांच्या संघटनेने अमेरिकेच्या राजदूतास त्यांच्या राजमुद्रेचे लाकडी कोरीव शिल्प भेट दिले. ते सात वर्षे राजदूताच्या निवासात भिंतीवर लटकत होते. १९५२ मध्ये त्याच्या पोटात एक यंत्र सापडले. त्यात ना विजेरी होती, ना बाहेरून आलेली तार. दुरून रेडिओलहरींचा झोत टाकला की ते जागे होई आणि खोलीतील संभाषण परतणाऱ्या लहरींवर स्वार करून पाठवी. कर्ता लेव थेरेमिन, जो संगीताच्या इतिहासात स्पर्शाविना वाजणाऱ्या वाद्याचा जनक म्हणून ओळखला जातो. मुलांच्या हातून दिलेली ही भेट कपटाची होती. पण आपल्या खिशातील चकतीची ती नात्याने आजी लागते. चकतीतही विजेरी नसते. दाराजवळची पेटी तिला वीज पुरवते, ती क्षणभर जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा झोपते. दार उघडण्यासाठी ही युक्ती योजून कॅलिफोर्नियातील चार्ल्स वॉल्टन याने १९७३ मध्ये एकस्व मिळवले.

या चकतीला मराठीत काय म्हणावे? इंग्रजीतील फॉब हा शब्द मुळात कमरेजवळच्या घड्याळाच्या छोट्या खिशाचा. पुढे त्यातून लोंबणाऱ्या साखळीला आणि तिच्या लोलकाला तो लागला. आमच्या इमारतीत कोणी टॅग म्हणतात, कोणी कीचेन. मी बिल्ला म्हणतो आणि त्यास कारण आहे. रेल्वेच्या हमालाच्या दंडावर पितळी बिल्ला असे. पट्टेवाल्याच्या पट्ट्यावर चपरास असे, जिच्यावरून त्याला चपराशी हे नाव पडले. त्या पितळेची जाडी कोणी मोजत नसे, त्यावर कोरलेला क्रमांक पाहत. नवी किल्ली ही किल्लीच्या कुळातली नसून बिल्ल्याच्या कुळातली आहे. तिचा धातू हे रहस्य नव्हे, रहस्यावरचा अंगरखा आहे.

हे एकदा ध्यानात आले की नमुने निवडणे सोपे होते. व्यापाऱ्याने आमच्यापुढे तीन प्रकार ठेवले. पहिला जस्ताच्या मिश्रधातूचा, साच्यात ओतलेला आणि वर चकचकीत मुलामा दिलेला. जस्ताबद्दल थोडे बोलल्यावाचून राहवत नाही. उदयपूरजवळच्या जावर येथे मध्ययुगात मातीच्या मुशींची भट्टी लावून जस्त वाफेच्या रूपाने काढीत. एवढ्या प्रमाणावर हे काम जगात अन्यत्र त्याआधी झाल्याचा पुरावा नाही. जस्त तापवले तर त्याची वाफ होऊन ती हवेत जळून जाते, म्हणून ती खाली ओढून थंड करण्याची युक्ती लागते. ती आपल्या रसशास्त्राच्या ग्रंथांत वर्णिलेली आहे. आमच्या दाराच्या बिल्ल्याचा धातू असा आमच्याच शेजारचा निघाला, याचा मला उगाच आनंद झाला.

परंतु धातूचा एक दोष येथे आडवा येतो. ज्या चुंबकीय क्षेत्राने आतील वेटोळे जागे व्हायचे, त्यानेच सभोवतालच्या धातूत चक्राकार प्रवाह सुरू होतात आणि ते क्षेत्राला विरोध करतात. म्हणजे चहूबाजूंनी धातूत बंद केलेला रेडिओ-बिल्ला हा मुका बिल्ला. म्हणून चांगल्या बिल्ल्याची एक बाजू राळेची किंवा प्लास्टिकची ठेवतात आणि वेटोळे व धातू यांमध्ये फेराइटची पातळ चकती घालतात, जी क्षेत्राला धातूपासून वळवून नेते. एवढे करूनही पल्ला घटतो. आमचा प्लास्टिकचा बिल्ला चार बोटांवरून दार उघडत असे, धातूचा दोन बोटांवर आणल्यावरच. हा दोष नव्हे, पण म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरत असेल तर त्याला फरक पडतो. मुलामा किती चमकतो यापेक्षा राळ कडेपर्यंत नीट भरली आहे का, पाणी आत शिरेल का आणि कडीचे भोक धातूच्या अंगातच आहे की राळेत, हे पाहावे. आमचे जुने बिल्ले तुटले ते सारे भोकापाशीच.

दुसरा नमुना पूर्ण पोलादी होता, जुन्या चार आण्याएवढा, आणि मला तोच सर्वांत आवडला. १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील डॅलस सेमिकंडक्टर या कंपनीने काढलेली ही पोलादी डबी रेडिओवर चालत नाही. तिला वाटीसारख्या खाचेत टेकवावे लागते; कडा आणि मध्य या दोन स्पर्शांतून तिचा क्रमांक वाचला जातो. रेडिओ नाही म्हणून धातूचा अडथळा नाही. पाणी, धूळ, आपटणे यांचे तिला फारसे काही वाटत नाही. रशियातील शहरांत घरोघरी ती वापरतात आणि तिला औषधाची गोळी म्हणतात. इस्तंबूलमध्ये १९९५ पासून बस-बोटीच्या भाड्यासाठी ती अनेक वर्षे चालली. तेथे तिचे नाव अकबिल, म्हणजे अकल्ली बिलेत, शहाणे तिकीट. त्यातील अकल्ली आपल्या अक्कल या शब्दाची सख्खी बहीण. अशी ही गुणी गोळी आम्हांला घेता आली नाही, कारण आमच्या दाराची पेटी रेडिओची होती. बिल्ला निवडण्याआधी दार काय ऐकते हे विचारावे लागते. पेटी १२५ किलोहर्ट्झची असेल तर १३.५६ मेगाहर्ट्झचा बिल्ला, सोन्याने मढवलेला असला तरी, तिला ऐकू येत नाही. तिसरा नमुना जाड नायलॉनचा, दिसायला सामान्य. त्याच्याकडे कोणी बघेना.

इथपर्यंत टिकाऊपणाचे झाले. सुरक्षिततेचा प्रश्न अजून तसाच होता. येथे मला १८५१ च्या लंडनची आठवण देणे भाग आहे. जोसेफ ब्रामा याच्या कुलपाची कीर्ती अशी की ते उघडणाऱ्यास दोनशे गिनींचे बक्षीस जाहीर करून कुलूप पिकॅडिलीच्या दुकानात खिडकीत मांडलेले होते, १७९० पासून. भव्य प्रदर्शनासाठी आलेल्या अमेरिकन हॉब्ज याने आधी चब कंपनीचे नामांकित कुलूप पंचवीस मिनिटांत उघडले, मग सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास खपून ब्रामाचेही. लंडनचे नागरिक चोरांवर नव्हे, हॉब्जवर चिडले. असली विद्या उघड करणे समाजास घातक, असा ओरडा झाला. हॉब्जचे म्हणणे असे की चोरांना ही विद्या आधीच येते. तिच्याबाबत अंधारात असतात ते फक्त सज्जन.

हाच वाद नेदरलँड्समध्ये २००८ साली पुन्हा उभा राहिला. नायमेखन येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी मायफेअर क्लासिक या जगभर वापरल्या जाणाऱ्या चकतीची गुप्तलिपी फोडली. निर्मात्या कंपनीने शोधनिबंधाचे प्रकाशन थांबवावे म्हणून न्यायालयात धाव घेतली आणि जुलै २००८ मध्ये न्यायालयाने निकाल संशोधकांच्या बाजूने दिला. मधल्या १५७ वर्षांत पितळेची जागा अंकांनी घेतली, युक्तिवाद बदलला नाही. आमच्या दाराची स्थिती तर याहून बिकट. १२५ किलोहर्ट्झच्या साध्या बिल्ल्यात गुप्तलिपी मुळी नसतेच. जो विचारील त्याला तो आपला क्रमांक सांगून मोकळा होतो. कोऱ्या बिल्ल्यावर तो क्रमांक उतरवण्याचे यंत्र आज शहरांतल्या चावीवाल्यांकडेही मिळते. जस्त असो की पोलाद, या बाबतीत धातूचा काडीइतका उपयोग नाही.

मग नव्या बिल्ल्याचे जुन्या किल्लीहून अधिक ते काय? दोन गोष्टी. किल्ली हरवली तर कुलूप बदलावे लागे. बिल्ला हरवला तर यादीतून एक क्रमांक खोडला की झाले. हा मोठा लाभ आहे. दुसरी गोष्ट लाभाची की हानीची, यावर आमच्या समितीत तीन सभा गेल्या. जुने कुलूप माणूस ओळखत नसे, हे मी मघाशी सांगितले. नवे ओळखते. कोण, किती वाजता, कितव्यांदा आत आला हे ते लिहून ठेवते. रायगडच्या दरवाजाला हिरकणीचे नाव ठाऊक नव्हते. आमच्या दाराला प्रत्येक घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाईचे येणे-जाणे मिनिटासह ठाऊक असते.

प्रस्ताव असा होता की प्रत्येक घरमालकास धातूचे दोन बिल्ले द्यावेत. घरकामाच्या बायका, वर्तमानपत्रवाला, इस्त्रीवाला यांना देऊ नयेत, त्यांनी पहारेकऱ्याकडे वहीत सही करावी. मी विचारले, दार दिवसातून सर्वाधिक वेळा कोण उघडतो? मालक दोनदा, फार तर चारदा. चार मजल्यांवर कामे करणारी बाई दहा-बारा वेळा, तीही ओल्या हाताने. टिकाऊपणाच निवडायचा असेल तर टिकाऊ बिल्ला कोणाच्या हाती हवा? यावर एक सभासद म्हणाले, प्राध्यापकसाहेब, हा भाषेचा प्रश्न नाही. मला तो भाषेचाच वाटतो. बिल्ला हा शब्द कष्टकऱ्याच्या दंडावरून आलेला आहे.

आणखी एक गोष्ट मी लावून धरली. आमच्या दाराला आतूनही बिल्ला दाखवावा लागे. पुण्याच्या इतिहासात ऑगस्ट १७९१ चे एक काळे पान आहे. घाशीराम कोतवालाच्या ताब्यातील तैलंगी ब्राह्मणांना लहानशा जागेत कोंडले होते आणि त्यांतले कित्येक गुदमरून मेले. लोकक्षोभ एवढा उसळला की खुद्द घाशीरामाला जमावाने दगडांनी ठेचले. त्या घटनेचे राजकारण इतिहासकार अनेक अंगांनी सांगतात. मला त्यात बाहेरून घातलेली कडी दिसते. न्यूयॉर्कच्या ट्रँगल कापड कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी आग लागली तेव्हा एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. एकशे सेहेचाळीस कामगार गेले, बहुतेक तरुण मुली. आत येण्यास किल्ली लागावी, बाहेर पडण्यास कधीही लागू नये, हा नियम अशा चितांवर लिहिला गेला आहे. विद्युत्-कुलपात तो पाळणे अवघड नाही. चुंबकाचे कुलूप वीज गेली की आपोआप सुटते, आणि आतल्या बाजूस एक साधे बटण पुरते.

समितीचा अहवाल गेल्या दिवाळीआधी सभेपुढे गेला. दाराची पेटी बदलून गुप्तलिपी असलेल्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या नव्या प्रकारची घ्यावी, ही शिफारस खर्चाच्या कारणाने पुढच्या वर्षावर गेली. आतील बटण बसले. मालकांना जस्ताचे बिल्ले मिळाले, घरकामाच्या बायकांना अनामत घेऊन नायलॉनचे. गंमत अशी की सहा महिन्यांत जस्तावरचा मुलामा कडेने निघू लागला आहे आणि नायलॉनचा एकही तुटलेला नाही. येण्या-जाण्याच्या नोंदी तीस दिवसांनी पुसाव्यात हे मान्य झाले. मधल्या तीस दिवसांत त्या कोणी पाहाव्यात आणि कोणाच्या लेखी परवानगीने, हा ठराव पुढील वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर आहे. मसुदा मी लिहिला आहे. त्यात तीन सह्यांची अट घातली आहे, हवालदार, सरनोबत आणि सबनीस यांच्या धर्तीवर. अर्थात पदनामे आजची आहेत.